डावीकडचा ब्रेक

आधीच सांगतो, ती भिंत अजून उभी आहे. तिच्यावर निळ्या रंगाचा ओरखडा आहे. ज्याला खोटं वाटतं त्याला मी तिथे नेऊन उभा करीन. वाद घालणार नाही.

हे माझ्या मावशीच्या बाबतीत घडलं. रात्री नाही, भर दुपारी. बंद पडलेल्या कारखान्यामागचं पटांगण, डोक्यावर रणरणतं ऊन, उन्हाळ्यातला बुधवार. सावली शोधावी लागत होती, एवढा उजेड होता.

मावशी एका लॅबमध्ये कामाला. सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि थंड पेटी लॅबला पोचवायची. तिचे यजमान, म्हणजे काका, औषधं विकत गावोगाव हिंडलेले. सारा जन्म गाडीत गेला. बायकोला मात्र स्टिअरिंगला हात लावू दिला नाही.

"तुझ्या हातात गाडी म्हणजे माकडाच्या हाती कोलीत," म्हणायचे.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात हळूहळू परत आला. डावा पाय आला नाही. जिभेला काहीच झालं नाही.

"एवढं सगळं गेलं, तीच तेवढी राहिली," मावशी एकदा माझ्या आईला म्हणाली होती. हसत म्हणाली होती, पण आई हसली नाही.

काकांची गाडी उपचारात विकली गेली. मावशीने पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकून घेतली, लायसन्स काढलं आणि सांगितलं, "आपण जुनी गाडी बघू."

"बघू नाही. मी बघीन," काका म्हणाले.

आणि खरंच, बघावी तर त्यांनीच. डीलरच्या आवारात ते वॉकर टेकत एकेका गाडीभोवती फिरले. फ्रिजवरचं लोहचुंबक बरोबर आणलं होतं. ते दरवाजांना लावून बघायचे. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली. बॉनेटचे नटबोल्ट बघितले, टायर कुठे जास्त झिजलेत ते बघितलं, इंजिन गार असताना चालू करायला लावलं. निळी गाडी सगळ्यात पास झाली.

एकच गोष्ट त्यांना खटकली.

"ही डावी सीट बघ," ते म्हणाले. "ड्रायव्हरच्या सीटपेक्षा ही जास्त बसलेली आहे."

डीलर म्हणाला, "बायकोला फिरवणारा मालक असेल, साहेब."

"मग मूर्ख असणार."

इन्शुरन्सचा एजंट तिथेच होता. त्याने विचारलं, थर्ड पार्टी करू की फुल?

"फुल कर बाबा," काका म्हणाले. "चालवणार कोण आहे ते बघ की जरा."

मावशीने सही केली. गाडी तिच्या नावावर झाली.

पहिल्याच आठवड्यात सुरुवात झाली.

ती काकांना फिजिओथेरपीला नेत होती. काका शेजारी. गल्लीच्या तोंडाशी शाळेतली एक मुलगी सायकलवरून एकदम समोर आली. मावशीला ती दिसलीच नाही.

आणि गाडी थांबली...

अशी थांबली की दोघं पट्ट्यांवर आदळली. मुलगी वळून बघत निघून गेली.

मावशीचा पाय ॲक्सिलरेटरवर होता. तिने खाली वाकून बघितलं. तिथेच होता.

"आत्ता ब्रेक..." ती म्हणाली.

काका काहीच बोलले नाहीत. हे नवीनच. तिने त्यांच्याकडे बघितलं. ते स्वतःच्या पायांकडे बघत होते. त्यांचा डावा पाय, जो उचलून गाडीत ठेवावा लागायचा, तो पुढे गेला होता. बुटाची टाच टेकलेली. चवडा मॅटमध्ये रुतलेला.

"हलला," काका म्हणाले. लहान मुलासारखा आवाज. "अगं, माझा पाय हलला!"

ते रडले. मावशीही रडली. गाडी भर रस्त्यात, मागे हॉर्नचा गोंगाट, आणि ही दोघं एकमेकांचे हात धरून.

ब्रेक कसा लागला हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

फिजिओथेरपिस्टने पाय तपासला. "झटका असतो, काका. मनावर घेऊ नका," तो म्हणाला. काकांनी त्याच्याकडे जाणं बंद केलं.

आता रोज गाडीतून नुसतं फिरायला जायचं. पाय गाडीत हलायचा, फक्त गाडीत. घरी आला की लाकूड. एका संध्याकाळी काका पेपर वाचत बसले होते. मावशीने रक्त घ्यायची सुई काढली आणि त्यांच्या डाव्या पोटरीत टोचली.

काकांनी पान उलटलं.

तिने आणखी आत टोचली. रक्ताचा थेंब आला. काका म्हणाले, "पंखा वाढव गं जरा."

तिने कापसाने थेंब पुसला आणि पंखा वाढवला.

पण सकाळी गाडीत बसले की तोच पाय...

सुरुवातीला तो वाचवायचा. कुत्रं आडवं आलं, ब्रेक. रिक्षा वळली, ब्रेक. मग तो चुका काढायला लागला. सिग्नल द्यायला उशीर झाला, ब्रेक. आरसा बघितला नाही, ब्रेक. चौकाच्या मधोमध गाडी बंद पडायची. लोक काच ठोकून शिव्या द्यायचे. काका मांडीवर थाप मारून हसायचे.

"आरशात स्वतःचं तोंड बघतेस, मागची गाडी कोण बघणार? चुकलीस. परत घे."

'परत घे' हे काकांचं बोलणं नव्हतं. मावशीच्या लक्षात आलं होतं. पण पाय हलतोय म्हटल्यावर माणूस अशा गोष्टींकडे बघत नाही.

सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा तिने मेकॅनिकला सांगितलं, "ब्रेक आपोआप लागतो."

त्याने सगळं उघडून बघितलं. ब्रेक ठणठणीत. मग डावीकडची मॅट उचलली, खालचं कार्पेट ओढलं आणि हसला.

"ड्रायव्हिंग स्कूलची गाडी दिलीय तुम्हाला, ताई."

पत्र्याला दोन गोल भोकं होती, रबरी बुचं मारून बंद केलेली. शिकवणाऱ्याच्या बाजूचा क्लच आणि ब्रेक तिथे असतात, त्याने सांगितलं. गाडी विकताना काढून टाकलेले.

"मग इथून दाबलं तर काय होईल?"

"काय दाबणार? इथे आहे काय?" त्याने बुचावर बोटाने टकटक केलं. "खाली डायरेक्ट रस्ता."

मावशीने डीलरला फोन लावला. तो आधी नाही नाही म्हणाला. मग म्हणाला, "मास्तरांनी फार जपली होती हो गाडी. शेवटपर्यंत त्याच सीटवर होते."

"शेवटपर्यंत म्हणजे?"

फोन कट झाला. परत लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ती नमुने घ्यायला एकटीच निघाली. रस्ता मोकळा. तिने मुद्दाम सिग्नल न देता वळण घेतलं.

शेजारची सीट रिकामी होती. सीटपुढची मॅट...

आत दबली.

हळूच. चवड्याएवढीच.

गाडी थांबली. थंड पेटीतल्या नळ्या एकमेकींवर वाजल्या, आणि मग कुठलाच आवाज नव्हता. मॅट वर आली.

पाय काकांचा नव्हता.

कुणालाही वाटेल, तिने गाडी तिथेच टाकून पळ काढला असेल. नाही. तिने उरलेली तिन्ही घरं केली, नमुने लॅबला दिले, घरी आली. काकांना काही सांगितलं नाही. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "बऱ्याच दिवसांनी ते रात्री शांत झोपत होते रे."

तिने सांगितलंही नसतं. पण रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो, आई आणि मी. चहा झाला. काका रंगात आले होते.

"पुढच्या महिन्यात मी चालवणार," म्हणाले. "हिचं लायसन्स चुलीत घालतो. तुम्हाला सांगतो, माझा पाय नसता तर एव्हाना या बाईने चार पोरं चिरडली असती. सुया टोचण्याचीच लायकी. तेवढंच जमतं."

"अहो, पाहुण्यांसमोर..." मावशी म्हणाली.

"पाहुणे कसले? तुझीच बहीण आहे. तिलाही माहीत आहे काय माल गळ्यात मारला ते."

आईने कप खाली ठेवला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी तेव्हा समोर बघितला.

मावशी उठली. रिकामे कप गोळा केले. स्वयंपाकघराच्या दारात वळली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"तो पाय तुमचा नाही."

मग तिने सगळं सांगितलं. बुचं, मास्तर, मॅट. पोटरीत सुई टोचली तेही सांगितलं. एक गोष्ट शिल्लक ठेवली नाही. मी काकांकडे बघत होतो. माणूस बसल्या जागी लहान होताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आईलाही वाटलं असावं. आम्ही कुणी तिला थांबवलं नाही.

काका दोन दिवस बोलले नाहीत. बुधवारी जेवण झाल्यावर म्हणाले, "गाडी काढ."

कारखान्यामागच्या पटांगणात तिने गाडी उभी केली. समोर लांबवर भिंत.

"भिंतीकडे घे," काका म्हणाले. "वेग आला की दोन्ही पाय मागे. ब्रेकला हात नाही, पाय नाही. मी थांबवतो."

"आणि नाही थांबली तर?"

"मग तू खरी. हेच हवंय ना तुला?"

ती नाही म्हणू शकली असती. चावी तिच्या हातात होती.

तिने गाडी सोडली. वेग घेतला. मग दोन्ही पाय मागे ओढून सीटखाली धरले.

आणि शेजारच्या मॅटकडे बघितलं...

मॅट सपाट होती.

इतके दिवस तिथे कुणीतरी असायचं. दिसायचं नाही, पण असायचं. हे तिला आत्ता जाणवलं, कारण आत्ता तिथे कुणीच नव्हतं. गाडीत फक्त ती दोघं होती.

काकांनी दोन्ही हातांनी मांडी धरली होती. "दाब," ते म्हणत होते. "दाब ना... दाब ना रे..."

भिंतीच्या विटा वेगवेगळ्या दिसायला लागल्या. मावशीचे हात उजवीकडे फिरले. तिने फिरवले नाहीत, फिरले. माणूस स्वतःची बाजू वाचवतो.

डावी बाजू भिंतीला गेली.

मावशीला खरचटलंसुद्धा नाही. काकांचा डावा पाय मांडीपासून कापावा लागला.

शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांनी मावशीला बाजूला बोलावलं. मी तिच्याबरोबर होतो.

"हा पाय लुळा होता, असं तुम्ही लिहून दिलंय?"

"हो. तीन वर्षं."

"लुळा पाय असा मोडत नाही," डॉक्टर म्हणाले. "तो दुमडतो. हा ताठ होता, पूर्ण जोर लावलेला. ब्रेकवर उभा राहिलेल्या ड्रायव्हरचा पाय असा मोडतो."



इन्शुरन्सचा सर्व्हेअर आठवडाभराने वॉर्डातच आला. नम्र माणूस. पटांगणाचे फोटो दाखवले. भिंतीच्या अगदी जवळ, शेवटच्या थोड्याशा अंतरात, चाकं घासल्याच्या काळ्या रेघा होत्या. ब्रेक लागला होता. फक्त उशिरा लागला होता.

मग त्याने पिशवीतून काकांचा डावा बूट काढला आणि उलटा धरला. तळव्यावर उभे पट्टे उमटले होते, रबर खोल दबून.

"जोरात दाबलं की पेडलचा ठसा असा उमटतो," तो म्हणाला. "तुमच्या बाजूचं पेडल आडव्या पट्ट्यांचं आहे. हे कुठलं, ते काही मला सापडलं नाही. पण मला एकच सांगा. ब्रेक कुणी दाबला?"

त्याने बूट परत पिशवीत ठेवला.

"काका चालवत असतील तर क्लेम बसणार नाही. दवाखान्याचा खर्चही नाही."

"मी दाबला," मावशी म्हणाली. "त्यांचा पाय हलतच नव्हता. त्यांनाच विचारा."

काका उशीला टेकून बसले होते. चादर डावीकडे सपाट होती. ते मावशीकडे बघत राहिले. शिव्या देतील असं मला वाटलं. निदान एखादा टोमणा.

"कागद दे," ते सर्व्हेअरला म्हणाले.

सर्व्हेअरने मजकूर वाचून दाखवला. माझा डावा पाय अपघाताच्या आधीपासून निकामी होता, त्यात कसलीही हालचाल नव्हती. काकांनी सही केली. पेन परत देताना टोपण लावून दिलं.

क्लेम पास झाला. गाडी भंगारात गेली.

काका आता बोलत नाहीत. जीभ शाबूत आहे, पण बोलत नाहीत. मावशी त्यांना वेळेवर भरवते, पुसते, कूस बदलते. घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

गोष्ट माझ्या लेखी इथेच संपली होती. गेल्या महिन्यात मी गाडी शिकायला लागलो. आमचे मास्तर कडक. जरा चुकलं की शेजारून ब्रेक. शेवटच्या दिवशी मी गाडी चालू केली आणि बघितलं तर ते मांडी घालून सीटवर बसले होते.

"मास्तर, पाय?" मी विचारलं.

"आज माझे पाय वर," ते हसून म्हणाले. "पोरगं तयार झालं की शेवटच्या दिवशी आम्ही ब्रेक सोडतो. नाहीतर ते स्वतःहून कधी दाबतच नाही."

मी इंजिन बंद केलं. उतरलो आणि चालत घरी आलो. काकांच्या बुटावरचे ते उभे पट्टे वाटभर डोळ्यांपुढे होते.

मावशीला हे मी अजून सांगितलेलं नाही.