फाउस्तिनोला विहिरीतून काढताना

लिसांद्रो आमच्या घरात शिरला तो पाण्याला घाबरून.

बारांकियात पाऊस कोसळला की रस्त्यांच्या नद्या होतात. माणूस ज्या दारासमोर असेल त्या दारात शिरतो आणि पाणी ओसरेपर्यंत त्या घरचा होतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझे काका असेच एकदा कुणाच्या तरी घरात शिरले आणि काकूला घेऊनच बाहेर पडले.

पण लिसांद्रो शिरला तो नेमका दुःखाच्या घरात. आमच्याकडे माणूस गेला की नऊ दिवस रोज संध्याकाळी जपमाळ होते, शेजारपाजार जमतो, कॉफी फिरते. त्या दिवशी पहिली संध्याकाळ होती.

"माफ करा…" तो दारात निथळत म्हणाला. "आपल्याकडचं कोण गेलं?"

"फाउस्तिनो," डेल्फिना मावशीने डोळ्यांना रुमाल लावला. "शेळीला वाचवताना विहिरीत पडलं लेकरू. शेळी आली वर. तो नाही आला."

त्याने मेणबत्त्यांकडे पाहिलं, फुलांकडे पाहिलं, आणि मग मधल्या फोटोकडे. तो मासिकातून कापलेला होता. एका कडेला साबणाची अर्धी जाहिरात राहून गेली होती. लिसांद्रोचा चेहरा पांढराफटक पडला.

"हा… मालिकेतला फाउस्तिनो?"

"मग? रोज संध्याकाळी घरी यायचा," मावशी म्हणाली. "माझा सख्खा भाऊ वर्षातून एकदा येतो, तोही जेवायला."

मला वाटलं, बिचाऱ्याला धक्का बसला. मीही गडबडले होते. त्याच्या पापण्यांवर थेंब अडकले होते, आणि पुरुषाला एवढ्या लांब पापण्या देणं मला निव्वळ उधळपट्टी वाटते. त्या नादात त्याच्या कॉफीत साखरेऐवजी मीठ गेलं.

पहिल्या घोटाला त्याची एक भुवई जराशी हलली. मग त्याने कप रिकामा केला.

"फार छान. आणखी एक कप मिळेल का आपल्याकडे?"

तो बोगोताचा. डोंगरावरची ही माणसं सगळ्यांना 'आपण' म्हणतात. आमच्या कुत्र्याला तो म्हणाला, "आपण जरा सरकता का?" आणि पोंचो चक्क सरकला. आमचं तो कधीच ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस नव्हता. तरी तो आला.

"आज रस्ता कोरडा आहे," मी म्हटलं.

"ढग आहेत," तो म्हणाला.

एकच होता. तोही घरी निघालेला.

मी पुन्हा मीठ घातलं. या वेळी मुद्दाम. म्हटलं, बघू या कधी बोलतोय ते. नाही बोलला. रोज यायचा, मान खाली घालून प्रार्थना म्हणायचा, कॉफी संपवायचा, आणि दुसरा कप मागताना माझ्याकडे असं बघायचा की… की मी डबा चुकवण्याचं नाटक करायचीही विसरून जायचे.

मग एका संध्याकाळी तो मला मागच्या अंगणात सापडला. आंब्याखाली, कप हातात धरून पोंचोसमोर उभा.

"जाऊ नका, रोसाल्बा," तो कुत्र्याला सांगत होता. मग पलीकडे जाऊन बारीक आवाजात, "का थांबू? सांगा ना, का?" मग परत अलीकडे… आणि अलीकडे आला की त्याची वाचाच बसायची. पोंचो काही वाईट रोसाल्बा नव्हता. नजर रोखून वाट बघत होता.

रोसाल्बा म्हणजे मालिकेतली ती, जिच्यावर फाउस्तिनोने पहिल्या भागापासून एक अक्षर न बोलता प्रेम केलं होतं.

"तुम्ही!" मी ओरडले. "तुम्ही लिहिता ते!"

"हळू… मावशी म्हणाल्यात, लेखक सापडला तर रश्श्यात शिजवीन."

"कंद घालून," मी भर घातली. "का मारलंत त्याला?"

तो आंब्याच्या खोडाशी बोलला. "पुढच्या भागात तो तिला मनातलं सांगणार होता. मी लिहायला बसलो, पानं फाडत राहिलो. मीच कधी कुणाला सांगितलेलं नाही, तर त्याच्या तोंडात काय घालणार? विहीर सोपी वाटली."

"आणि शेळी?"

"शेळी ऐनवेळी सुचली."

इतका प्रामाणिक खुनी मी पाहिला नव्हता. "मग लिहिता कशाला?"

"आमच्या घरी आईबाबा एकमेकांशी बोलत नसत. फक्त मालिका लागली की… आई पडद्याकडे बघत म्हणायची, 'त्याने एकदा तरी माफी मागायला हवी होती.' बाबाही पडद्याकडेच बघत म्हणायचे, 'त्याला लाज वाटत असेल.' मालिका संपली की पुन्हा चिडीचूप. मला वाटायचं, ती संपलीच नाही तर?"

आतून जपमाळेचा सूर येत होता. त्या बायकांपैकी निम्म्या एकमेकींशी भांडलेल्या होत्या आणि फाउस्तिनोसाठी एका बाकावर बसल्या होत्या. हे या माणसाने केलं होतं. आणि त्याला वाटत होतं, आपल्याला लिहिता येत नाही.

"काढा त्याला वर," मी म्हटलं. "शेवटच्या संध्याकाळी मावशी मेणबत्त्या विझवेल. मग तो खरंच गेला. ती धड जेवतही नाहीये हो."

"वर येऊन बोलेल काय?"

"भाषण कुणाला हवंय? रोज जे गिळत आलाय, ते बोलेल."

त्याने हातातल्या कपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. कप तळापर्यंत संपवला… आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. नंतरही नाही. मी त्याच्या वाटणीची कॉफी केली आणि स्वतः प्यायले. भयंकर होती! एवढं माणूस का सोसेल, असा प्रश्न पडला, आणि उत्तरही त्याच कपात सापडलं.

शेवटच्या संध्याकाळी पुन्हा पाऊस कोसळला. रस्त्यातून कुणाचं तरी कपाट वाहत गेलं. प्रार्थना संपली, मावशी मेणबत्तीवर फुंकर घालायला वाकली आणि थांबली. मालिकेची वेळ झाली होती. दुःख आपल्या जागी, मालिका आपल्या जागी. तिने टीव्ही लावला.

विहिरीच्या काठावर एक हात दिसला.

"मी म्हटलंच होतं!" मावशी किंचाळली. तिने असं काहीही म्हटलं नव्हतं.

फाउस्तिनो वर आला. शेळीने मान फिरवली. रोसाल्बाने त्याला घोंगडीत गुंडाळून कॉफी दिली. एक घोट. एक भुवई जराशी हलली.

"यात मीठ आहे," फाउस्तिनो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून आहे."

"मग प्यायलात कशाला?"

"संपल्याशिवाय दुसरा कप मागता येत नाही. आणि मागितला नाही तर… आपण माझ्याजवळ पुन्हा येणार कशा?"

मावशीची मान हळूहळू माझ्याकडे वळली.

"यूरानिस, साखरेचा डबा आण बघू."

तेवढ्यात पोंचो उठला आणि दारातून सरकला. दारात लिसांद्रो होता, निथळत.

मावशीने त्याला पाहिलं, मला पाहिलं, टीव्हीला पाहिलं. तिने रश्श्यातला डाव उचलला. त्याने डोळे मिटले. मग त्याच डावाने तिने ताट भरून रस्सा वाढला, कंद घालून, आणि इतक्या दिवसांनी स्वतःलाही घेतला.

जेवणं झाल्यावर मी विचारलं, "कॉफी?"

"हो."

"साखर?"

"आता साखर घालून कशाला बिघडवता…"

तो कप हातात धरून खिडकीशी आला. "रस्त्यावर पाणी आहे. ओसरेपर्यंत थांबलो तर चालेल आपल्याला?"

मी बाहेर पाहिलं. पाणी केव्हाच ओसरलं होतं. शेजारचे आजोबा खुर्ची टाकून रस्त्याच्या मधोमध बसले होते.

"बाप रे, केवढं पाणी," मी म्हटलं. "या जन्मात ओसरेल असं दिसत नाही."