माझ्या नावचं टपाल

तीस वर्षं मी टपाल वाटलं. जिने, कुत्री, कुलपं, सगळ्यांशी ओळख. दोन वर्षांपूर्वी एका ओल्या जिन्यावरून घसरलो, पाठीचा कणा मोडला आणि छातीखालचं अंग असून नसल्यासारखं झालं. आता खाट, खिडकी आणि दुपारी दोन तास येणारी माझी थोरली बहीण, ताई. निघताना ती माझ्या कपाळावर हात ठेवते. दिवसभरात माणसाचा स्पर्श कळतो तो तेवढाच.

गेल्या महिन्यात इस्पितळात मला मशीनमध्ये झोपवून पायाच्या अंगठ्यावर ब्रश फिरवला.

"कळलं का, काका?" मशीनवाल्यानं विचारलं.

"छे!"

मग त्यानं पडदा दाखवला. मेंदूत एक ठिपका उजळला होता. "निरोप वर पोचतोय. तुम्हाला कळत नाही, एवढंच."

"मग घेतंय कोण?"

तो हसला. मला काही हसू आलं नाही. बंद घरातली पत्रं रोज उचलली जात असतील, तर आत कुणीतरी असतंच, हे मला कुणी शिकवायला नको.

घरी आल्यावर, आतल्यानं पोच द्यावी म्हणून, हातात पेन्सिल धरली, शेजारी वही ठेवली आणि डोळे मिटले. "ताई, वाटेल तेव्हा पायाचा अंगठा दाब. किती वेळा ते मोज."

मला काहीच कळलं नाही. डोळे उघडले, तर वहीवर सात खुणा.

"अरे, सातदाच दाबला की रे!" ताई रडायलाच लागली.

मीही खुळावलो. दोन वर्षांत पहिल्यांदा घरात सोबत आहे असं वाटलं. त्या भरात, गंमत म्हणून, पोस्टात गिऱ्हाइकं देतात तसं अधिकारपत्र वहीत लिहिलं: माझ्या नावचं सगळं टपाल यापुढे आतल्या माणसानं घ्यावं. खाली झोकात सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी ताई ओरडली, "अरे, वाफा निघतायत त्या चहातून! जीभ भाजेल!" मला गरम लागतच नव्हता. दुसऱ्या हातातल्या पेन्सिलीनं वहीवर नवी खूण केली होती.

परवा दाढी करताना कापलं. आरशात रक्त दिसलं, तेव्हा समजलं. पुन्हा खूण.

काल घाबरून ते पत्र फाडलं. पेन्सिल मात्र बोटं सोडेनात.

आज ताईनं पिशवी उचलली. "येते रे."

मी डोळे मिटून वाट बघत राहिलो.

"ताई, कपाळावर हात ठेव ना."

"अरे, मघापासून ठेवलाय की!"

वहीवर पेन्सिल खरडली.