सहाच्या ठोक्याला

संध्याकाळचे सहा वाजले, बेंजासिरी बागेतल्या खांबांवरचे भोंगे वाजू लागले आणि अख्खी बाग जागच्या जागी थांबली. धावणारे थांबले, गाण्याच्या तालावर उड्या मारणाऱ्या बायका थांबल्या, वेताच्या चेंडूला लाथ मारायला उचललेला पाय एका पोराने गुपचूप खाली घेतला. त्या देशात रोज सहाला राष्ट्रगीत सुरू झालं की चालता माणूस खुंटासारखा उभा राहतो. घाई असो, पोट बिघडलेलं असो, गीत संपेपर्यंत हलायचं नाही.

ओईही थांबली. मावशीने चिकट भाताची टोपली आणायला पिटाळलं होतं. उशीर झाला म्हणून ती भरली टोपली घेऊन बागेतून आडवी निघाली होती, आणि तळ्याच्या वळणावर गीताने गाठलं. समोरून येणारा एक तरुण तिच्यापासून दोन हातांवर उभा राहिला. अंगात काळा सदरा, केस नीट विंचरलेले, आणि हातात पावात भरलेलं नारळाचं आइस्क्रीम!

मार्चचं ऊन मावळलं तरी हवा तव्यासारखी तापलेली. आइस्क्रीमला कुठलं आलंय राष्ट्रगीत? पहिला ओघळ त्याच्या मनगटावर आला. मग दुसरा बाहीत शिरला. कोपरावरून थेंब त्याच्या नव्याकोऱ्या बुटावर टपकला... टप्. पुन्हा टप्. बिचारा ताठ उभा, नजर समोर, पण डोळ्यांत अशी काकुळती की ओईने ओठ दातांखाली दाबला. तरी खांदे हलायचे ते हललेच.

गीत संपलं. बाग पुन्हा पळू लागली. ही दोघं मात्र तिथेच.

"हसा आता," तो म्हणाला. "परवानगी आहे."

"मी कुठे हसले?"

"तोंडाने नाही हसलात. खांद्यांनी हसलात."

"म्हणजे गीत चालू असताना तुम्ही माझे खांदे बघत होतात?"

"समोर दोनच गोष्टी होत्या – तुम्ही आणि तळं. तळं मी रोज बघतो."

ओईने टोपलीवरचं केळीचं पान फाडून त्याच्या हातात दिलं. तो हात पुसत म्हणाला, "मेक. पंचवीस पूर्ण. जुलैत सव्वीस."

"ओई. मला एप्रिलमध्येच सव्वीस होतील."

"म्हणजे तुम्ही मोठ्या!" त्याने चिकट हात जोडले. "मग मान द्यायलाच हवा."

"तीन महिन्यांचा कसला मान?"

"मान तो मान. तुम्ही मला खुशाल अरे-तुरे करा. मी नाही करणार."

असा आगाऊ. पण हसला की डाव्या गालाला खळी पडायची. ओई पुढे गेली आणि चार पावलांवर उगीच टोपली सावरायला थांबली. टोपलीला काही झालेलं नव्हतं.

"कुठे राहता?" मागून आवाज आला.

"कोपऱ्यावरच्या बुनमा मावशीकडे."

"अरे देवा," मेक म्हणाला. "त्यांना मी ओळखतो. कमी तिखट करा म्हटलं म्हणून हाकलून दिलं होतं."

बुनमा मावशीला सगळी गल्ली ओळखत होती. तिच्या उखळात कुटलेली कच्च्या पपईची कोशिंबीर आणि कोळशावर भाजलेली कोंबडी खायला गाड्यांमधून माणसं यायची, नाक पुसत खायची आणि वर शिव्याही खायची. पण आता गल्लीतल्या जागा विकल्या गेल्या होत्या. चहूकडे काचेचे मनोरे उठले होते, कुत्र्यांनाही केक मिळेल अशी दुकानं निघाली होती. मावशीच्या कोपऱ्यावरही उंच इमारतीची पाटी लागली होती. गुडघा आधीच गेलेला, त्यात जागाही गेली. म्हणून गावाकडून, खोनकेनहून, तिची भाची ओई आली होती, आवराआवर करून मावशीला घरी न्यायला. पुढच्या रविवारी रात्रीची गाडी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओई कोंबडी उलटत होती आणि गुणगुणत होती.

"चुलीपाशी गाऊ नकोस," मावशी ओरडली. "म्हातारा नवरा मिळेल."

"मिळू दे. लवकर पेन्शन येईल."

"घ्या! जिभेला हाड नाही. माझ्यावर गेलीय."

तेवढ्यात बाकावर कोणीतरी बसलं. मावशीने मुसळ खाली न ठेवता वळून पाहिलं. "हा कालचा? बुटावर आइस्क्रीम सांडणारा?"

ओईचे कान लाल झाले. रात्री झोपताना तिने मावशीला सगळं सांगितलं होतं, खळी तेवढी वगळून.

"मिरच्या किती?" मावशीने विचारलं.

"तुम्ही घालाल तेवढ्या, मावशी."

हे उत्तर मावशीला आजवर कोणी दिलं नव्हतं. तिने मूठभर मिरच्या उखळात टाकल्या आणि अशा कुटल्या की शेजारचा फळवाला शिंकला. मेकने पहिला घास घेतला. कान पेटले. दुसरा घेतला, तर डोळ्यांतून धार लागली. ओईने पाण्याचा पेला पुढे केला. त्याने मान हलवली.

"कसं झालंय?" मावशी.

"गोड," मेक हुंदका देत म्हणाला.

मावशी हसली. हसणं तिच्या तोंडाला फारसं सवयीचं नव्हतं, त्यामुळे ते जरा वाकडंच उमटलं. "धंदा काय करतोस?"

"थोंगलो भागातल्या एका बारमध्ये पेयं बनवतो."

"म्हणजे दारू ओततोस."

"ओतत नाही, मावशी. हलवतो."

"मी पपई कुटते, तू बाटली हलवतोस. खांदा दोघांचा दुखतो. बस. भात घे आणखी."

मग रोज सहाला तळ्याच्या वळणावर दोघं भेटू लागली. ठरवलं कोणी नव्हतं. ओईला रोज त्याच वेळी भात आणायचा असायचा, मेकला रोज त्याच वाटेने कामावर जायचं असायचं. भोंगे वाजले की दोघं समोरासमोर थांबायची. बोलायचं नाही, हलायचं नाही. एरवी कुठल्या मुलीला कुठला मुलगा असं भर बागेत बघू शकतो? आणि ती तरी कुठे बघू देते? पण त्या मिनिटात दुसरं करणार काय? ओईला त्याच्या भुवईवरचा व्रण पाठ झाला. त्याला तिच्या कानाखालचा तीळ. चाफ्याची फुलं तळ्यात पडायची, ती पडतानाही कोणी वळायचं नाही.

गीत संपलं की मात्र दोघांच्या तोंडाला खळ नसायचा.

"आज माझ्याकडे बघताना तुमच्या पापणीने चुकारपणा केला."

"डास होता."

"डासाचं नशीब बघा."

"मेक, तुला कामावर उशीर होईल."

"होऊ दे. तुम्ही मोठ्या आहात, साहेबांना चिठ्ठी द्या."

एका संध्याकाळी मावशीनेच तिला ढकललं, "जा, बघून ये ते थोंगलो. उद्या गावातल्या बायका विचारतील, काय बघितलंस, तर पपई सांगशील का?"

दिवे नुकतेच लागत होते. रस्ताभर माणसं नटूनथटून खुर्च्यांची वाट बघत होती, कुठून तरी गाणं, कुठून तरी खमंग लसणीचा वास. बारमध्ये अजून गर्दी नव्हती. मेकने उसाचा रस, लिंबू आणि कसलीशी पानं एकत्र हलवली. हलवताना तो अगदी वेगळा दिसायचा, गप्प आणि गंभीर. पेला पुढे सरकवून म्हणाला, "यात दारू नाही. हे कार्डावरही नाही. ओई म्हणजे आपल्या भाषेत ऊसच ना, म्हणून..."

ओईने घोट घेतला. गार, आंबट, आणि शेवटी हळूच गोड. तिला एकदम भीती वाटली. कशाची, ते तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

"मावशी म्हणेल, झाडपाला फार आहे," ती म्हणाली.

"आणि तुम्ही काय म्हणाल?"

"मी... रविवारी जाणार आहे, मेक."

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. "हो. माहीत आहे," तो म्हणाला, आणि पुसलेलाच पेला पुन्हा पुसू लागला.

बस्स. एवढंच. आइस्क्रीमवर बोलणारा, डासावर बोलणारा, पापणीवर बोलणारा माणूस... आणि बोलायच्या वेळी पेला पुसत बसला! ओई ताडताड चालत घरी आली. आपण आधी बोलायचं? मेले तरी नाही. आमच्या घराण्यात बायका मागत नसतात, त्यांना मागायला येतात. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ती बागेत गेलीच नाही. भात मावशीने शेजारच्या फळवाल्याकरवी आणवला, आणि शिव्या देत कोंबडी एकटीने भाजली.

रविवारी पसारा बांधून झाला. उखळ गोणपाटात गुंडाळलं. मावशी रिकाम्या बाकावर बसली होती, गुडघ्याला तेल चोळत.

"पावणेसहा झाले," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. तुझं थोबाड बघवत नाही एवढंच."

"त्याला बोलायचं असतं तर बोलला असता."

"माझ्या मिरच्या गोड म्हणाला तो. असला माणूस स्वतःसाठी तोंड उघडत नसतो. दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून गिळतो. तू जाणार म्हणालीस, त्याने तेही गिळलं. अक्कल गहाण टाकलीस का गं? बघतेस काय... पळ!"

ओई पळाली. चपलेचा अंगठा सुटला, तशीच पळाली. फाटकातून आत शिरली तर तळ्याच्या पल्याड मेक पाठमोरा, दुसऱ्या फाटकाकडे चाललेला. हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि –

भोंगे वाजले.

बाग थांबली. मेकही थांबला. थांबता थांबता अर्धा वळला, आणि त्याला ती दिसली. मध्ये सगळं तळं. तिला पळता येईना, त्याला हात हलवता येईना. त्याच्या दोन्ही हातांत आइस्क्रीम होतं, एकेक. दोन्ही वितळत होती. ओघळ दोन्ही कोपरांवरून खाली लागले होते, आणि तो माणूस ताठ उभा, नजर तिच्यावर.

दोन आणली होती. म्हणजे वाट बघत होता. कालही आणली असतील.

ओईच्या डोळ्यांना पाणी आलं, ते पुसताही येईना. एवढं लांब राष्ट्रगीत त्या देशात आधी कधी वाजलं नव्हतं. तिने मनातल्या मनात वाक्य जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. घराण्याचा मान वगैरे त्या तळ्यात कधी बुडाला, कळलंही नाही.

गीत संपलं. दोघंही धावली, आणि तळ्यावरच्या पुलावर अशी थडकली की आइस्क्रीम तिच्या सदऱ्याला लागलं.

"मला जायचं नाहीये," ती धापा टाकत म्हणाली. "म्हणजे जायचंय, मावशीचा गुडघा... पण तुला सोडून जायचं नाहीये. झालं. बोलले मी. आता हस."

मेक हसला नाही. "मला वाटलं, मी थांब म्हटलं तर तुझी ओढाताण होईल," तो म्हणाला. "मावशी एकीकडे, मी एकीकडे. म्हणून गप्प बसलो. ओई... तू मला फार आवडतेस."

ती दचकली. "'तू' म्हणालास. अरे-तुरेवर आलास?"

"तीन महिने गेले खड्ड्यात."

चिकट हातांनी त्याने तिचे चिकट हात धरले. "ऐक. रोज सहा वाजता तू खोनकेनला जिथे असशील तिथे थांबशील. मी इथे थांबेन. एकाच मिनिटाला, एकाच गाण्याला. तुला पळता येणार नाही, मलाही नाही. रोज समोर आहेस असं समजेन. आणि एक दिवस... खरंच समोर येईन."

"कधी?"

त्याच्या डाव्या गालाला खळी तेवढी पडली.

खोनकेनला तळ्याकाठी मावशीचं उखळ पुन्हा दणाणू लागलं. तिथली माणसं मुळातच तिखट खाणारी, त्यामुळे मावशीला शिव्या द्यायला निमित्त कमी पडू लागलं. ओई रोज सहाला कोळशापासून दूर होऊन दक्षिणेकडे, मेकच्या शहराकडे, तोंड करून उभी राहायची. लोकांना वाटायचं, पोरीला देशाचं केवढं प्रेम!

मग एप्रिलमध्ये सोंगक्रान आला, नव्या वर्षाचा पाण्याचा सण. रस्तोरस्ती पाणी उडत होतं, पोरं भिजून चिंब. ओई भिजल्या केसांनी कोंबडी उलटत होती आणि गुणगुणत होती. या वेळी मावशी आपली कुटतच राहिली.

सहा वाजले. भोंगे वाजले. ओई दक्षिणेकडे वळली... आणि बाकापलीकडे, दोन हातांवर, एक काळा सदरा थांबला. हातात पावातलं आइस्क्रीम. त्याच्या उजवीकडे चष्मा घातलेले एक गृहस्थ, डावीकडे एक ठेंगणी बाई, तिच्या हातात फळांनी भरलेलं तबक. तिघंही गीताने वाटेतच गाठलेली. तबक जड असणार, बाईचे हात थरथरत होते, पण तिने ते तसूभर खाली केलं नाही.

बुनमा मावशी मुसळ हातात घेऊन ताठ उभी होती. मान हलवायची सोय नव्हती, पण डोळ्यांना कोण अडवतंय? त्या मिनिटात तिने मेकच्या आईबापांना चपलेपासून भांगापर्यंत पारखलं. बाईच्या थरथरत्या हातांवर तिची नजर सगळ्यात जास्त वेळ थांबली.

मेकच्या कोपरावरून थेंब पडला. टप्.

गीत संपलं. कोणी काही बोलायच्या आत मावशीने मुसळ ठेवलं, पुढे झाली आणि बाईच्या हातातलं तबक स्वतः उतरवून घेतलं.

"बसा," ती म्हणाली. "प्रवासातून आलात, आधी जेवा. मागायचं ते मग मागा."

मग मेककडे वळून तिने डोळे बारीक केले. "मिरच्या किती?"

मेकने ओईकडे पाहिलं. तिचे खांदे हलत होते.

"एक, मावशी," तो म्हणाला. "आता खरं बोलायला हरकत नाही."