गुलाबतेलाचा बाविसावा फायदा

एलमासची लग्नातली पेटी तिच्या सासूने, नाझमिये हानमने, स्वतःच्या हातांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवली होती. एलमासचा नवरा लष्करात, दूर सरहद्दीवर. चोर ठरलेल्या सुनेने दुपारच्या बांगेआधी घर सोडायचं, असा सासूचा हुकूम होता.

एलमासला न्यायला आलेल्या तिच्या भावाने एक शहाणपण केलं. इस्पार्ता या तुर्की शहरातल्या नेरिमान हानमना फोन केला. खाजगी तपास हा त्यांचा धंदा आणि मूर्खांचा तिटकारा हा त्यांचा स्वभाव. त्या लगेच आल्या, सोबत तहसीन बे. हे निवृत्त शिक्षक त्यांची गाडी चालवत आणि कुणी विचारलं नाही तरी मत देत.

नाझमिये हानम स्वयंपाकघरात डोक्याला फडकं बांधून बसली होती.

"माझ्या नवऱ्याने काढलेलं शेवटचं गुलाबतेल होतं ते," ती म्हणाली. "काल संध्याकाळी तळघरात जाऊन पाहिलं, जागच्या जागी होतं. तुपासारखं थिजलेलं. कुलूप लावलं, चावी गळ्यात. पहाटे डोकं ठणकायला लागलं म्हणून ती भाच्याला, वेदातला दिली. तो कापसावर तेल घेऊन आला. मग तळघरातलं पीठ काढायला चावी हिला दिली. दहाला बाटली वर आणली तर आत भलतंच काहीतरी! चाळीस मोसम भट्टीपाशी काढलेत मी, बघताक्षणी कळलं."

"पहाटे तेल अस्सल होतं?" नेरिमान हानमनी विचारलं.

"वेदात सांगतो ना! शिकलेला आहे तो. म्हणजे नंतर बदललं ते हिनेच."

एलमास कणीक मळत होती. घर सोडायच्या दिवशीही पोळ्या तिच्याच वाट्याला.

"बाटली उघडलीस?" नेरिमान हानमनी विचारलं.

"कशाला उघडू? ते तेल काढायचं म्हणजे आधी बाटली काखेत धरून चुलीपाशी बसावं लागतं. इथे पीठ मळायला हात पुरत नाहीत."

काखेचं नाव निघताच तहसीन बेंनी नाक मुरडलं.

वेदात बैठकीच्या खोलीत चहा पीत होता. अंतल्याच्या हॉटेलांत हा गृहस्थ सुगंधोपचारावर व्याख्यानं देई. पुढ्यात मखमलीची पेटी, तिच्यात एकवीस बाटल्या. नातलगांच्या भट्टीला त्याने आयुष्यात हात लावला नव्हता. धुराने म्हणे त्याचं नाक बिघडतं.

"गुलाबतेलाचे एकवीस फायदे!" त्याने न विचारताच सुरुवात केली. "झोप लागते, शोक हलका होतो, सुरकुत्या जातात, राग निवतो. सासू-सुनेचं भांडणसुद्धा मिटतं."

"मग या घरात का नाही मिटलं?"

"बनावट तेलाने कसं मिटणार, हानम?"

"वा!" तहसीन बे म्हणाले. त्यांनी सुरकुत्यांचा फायदा वहीत टिपून घेतला.

"पहाटे काय केलंत?" नेरिमान हानमनी वेदातला विचारलं.

"तळघरात उतरलो. गारठा असा, की दात वाजत होते. बाटली वाकडी केली, कापसावर टपटप तीन थेंब, की वर. बांग संपायच्या आत मी आत्यापाशी."

"बाटली आधी हातात वगैरे धरलीत?"

"कशाला? लगेच उघडली, लगेच ठेवली. आणि अस्सलच होती. मी डोळे मिटून ओळखतो."

"डोळे मिटलेत, तेच तर चुकलं," नेरिमान हानम म्हणाल्या आणि त्यांनी सगळ्यांना बोलावलं. तळघरातल्या झऱ्याचं पाणी परातीत आणवलं आणि वेदातच्या एकवीसही बाटल्या त्यात ठेवल्या.

"हा काय पोरखेळ?" वेदात ओरडला.

"बसा. एक चहा होईल एवढाच वेळ लागेल."

चहा झाला.

"नाझमिये हानम, अस्सल गुलाबतेल गारठ्यात कसं होतं?"

"थिजतं. लहान पोरालाही ठाऊक आहे."

"इतकं ठाऊक, की कुणी सांगायच्या भानगडीत पडत नाही. काल संध्याकाळी ते थिजलेलं तुम्ही पाहिलंत. म्हणजे तोवर अस्सल. एलमास म्हणते, काखेत ऊब दिल्याशिवाय निघत नाही. आणि तुमचा हा विद्वान सांगतो, दात वाजवणाऱ्या तळघरात, ऊब न देता, टपटप तीन थेंब पडले!"

नाझमिये हानमचा हात फडक्यावरच थांबला.

"म्हणजे पहाटेच बाटलीत बनावट होतं. संध्याकाळपासून चावी तुमच्या गळ्यात. तुमच्यानंतर ती गेली ती याच्याच हातात. एलमासला मिळाली तेव्हा चोरी उरकली होती. भट्टीच्या बाटल्या सगळ्या सारख्या. याने अंधारात अदलाबदल केली, अस्सल खिशात घातली. खिशाच्या उबेने ती पातळ झाली. थिजलेलं गुलाबतेल या माणसाने जन्मात पाहिलेलं नाही!"

त्यांनी परातीकडे बोट दाखवलं. 'अस्सल गुलाब' लिहिलेल्या सहा बाटल्यांतलं तेल पाण्यासारखं पातळच राहिलं होतं. 'लॅव्हेंडर' अशी चिठ्ठी लावलेल्या एकीत मात्र पांढऱ्या सुया धरून तेल घट्ट झालं होतं.

"मी... संशोधनासाठी..." वेदात पुटपुटला.

"लिहून घ्या, वेदात बे. बाविसावा फायदा. हे तेल ढोंग्याला उघडं पाडतं."

तहसीन बेंनी वहीतलं पान हळूच फाडलं.

नाझमिये हानमने भाच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गळ्यातली चावी काढून तिने सुनेपुढे धरली.

"घे, पोरी."

एलमासने हात पुढे केला नाही.

"चावीचं नंतर बघू, आई. माझी पेटी ज्यांनी चढवली, त्यांनीच उतरवावी."

म्हातारी उठली, डोक्याचं फडकं सोडून तिने कमरेला बांधलं आणि अंगणात गेली. मदतीला भाऊ ट्रॅक्टरवरून उतरला, तेव्हा एलमासने त्याला हातानेच थांबवलं. पेटी जड होती. नाझमिये हानमने ती एकटीने उतरवली.