जिन्याची पाटी

सफाईचं काम करणाऱ्या ताई दारात आल्या तेव्हा भाऊजी चहात बिस्कीट बुडवत होते. ताईंचं ऐकता ऐकता बिस्किटाने तळ गाठला.

"काल नऊला वाचनालयाचा जिना पुसला, खाली पाटी लावली. पावणेदहाला गुरुजी घसरले, मनगट मोडलं. पाटी गायब. सचिव सगळ्यांदेखत मला खोटारडी म्हणाले. आज दुपारी कामावरून काढणार."

"पाटी कशाची होती?" वहिनींनी विचारलं. त्या खासगी तपासाची कामं घेत. भाऊजी, त्यांचे धाकटे दीर, सोबत जात आणि हटकून भलत्याच माणसावर संशय घेत.

"कोरे पुठ्ठे संपले होते. एका जुन्या पुठ्ठ्याच्या मागे लाल शाईनं लिहिलं, दोरा ओवून खिळ्याला अडकवला."

दोघं वाचनालयात पोचले तेव्हा जिन्याच्या तोंडाशी खिळा रिकामा होता. शेजारच्या खिडकीतून वारा नुसता भणाणत होता.

"उडाली असेल," भाऊजी म्हणाले.

"मग खाली सापडली असती."

सचिवांनी त्यांना उभ्याउभ्याच वाटेला लावलं. "मी दहाला आलो. पाटी नव्हती."

भाऊजी कुजबुजले, "याचंच काम. माणूस तिरसट आहे."

"तिरसट माणसं पुठ्ठे चोरत नाहीत, भाऊजी."

ग्रंथपालबाई साडेनऊलाच आल्या होत्या. काचेच्या कपाटात त्यांनी शंखशिंपले मांडले होते. प्रत्येकापुढे सुबक अक्षरातली चिठ्ठी होती. "पाटी असती तर मला दिसली असती हो. गेल्या वर्षीच्या चित्रप्रदर्शनाची जाहिरात तेवढी लटकत होती. ती काढून टाकली."

"शंख डुगडुगत नाहीत ते?" वहिनींनी विचारलं.

"फळी काचेची ना, म्हणून खाली पुठ्ठा घालते आणि वर कापड."

वहिनी फळीखाली वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. भाऊजींना वाटलं, कंबर धरली.

दुपारी त्यांनी सगळ्यांना कपाटापाशी बोलावलं. वाचकही पुस्तकं मिटून जमले. गुरुजी गळ्यात हात बांधून आले होते.

"पुठ्ठ्याच्या एका बाजूला जुनी जाहिरात, दुसरीकडे ताईंची सूचना," वहिनी म्हणाल्या. "एकाच दोऱ्यावर टांगलेला पुठ्ठा वाऱ्याने फिरला. बाईंना जाहिरातच दिसली. त्यांनी तो उतरवला आणि तसाच, जाहिरात वर ठेवून, फळीवर घातला. उलटून बघायचं कारणच नव्हतं. गुरुजी, या बुटक्या स्टुलावर बसून वर बघा."

गुरुजी बसले. काचेतून त्यांनी सावकाश वाचलं, "जिना ओला आहे. जपून या."

ग्रंथपालबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्यामुळे पडलात, गुरुजी. आणि दोष हिच्यावर गेला." त्यांनी ताईंचा हात धरला. भाऊजींना भरून आलं. तिरसट सचिवावरचा संशय मात्र त्यांना जड मनाने सोडावा लागला.

"बरं, राहा कामावर," सचिव खाली बघत म्हणाले.

"राहते," ताई म्हणाल्या. "पण खोटारडी सगळ्यांसमोर म्हणालात. आता हेही सगळ्यांसमोर सांगा."

सचिवांनी चष्मा काढला, पुसला. मग वाचकांकडे तोंड करून ते म्हणाले, "काल यांनी पाटी लावली होती. मी चुकलो."

ताईंनी तेव्हा कुठे डोळ्यांना पदर लावला.