एका दिशेची झीज

माणसं घर बघायला गेली की आधी छताकडे बघतात, ओल आहे का ते. मग नळ सोडून बघतात. मास्तर मात्र दारातच वाकत आणि फरशी निरखू लागत. पहिल्या दिवशी एजंटला वाटलं, या गृहस्थांचं काहीतरी पडलंय. तोही बिचारा वाकून शोधू लागला.

पडलं काही नव्हतं. मास्तरांचा धंदाच पायांचा. ज्यांचे पाय वाकडे, आखूड किंवा शस्त्रक्रियेने बदललेले, त्यांच्यासाठी इस्पितळाच्या कार्यशाळेत ते बूट बनवत. जन्मात कोणाला धडा शिकवला नव्हता, पण चांगल्या कारागिराला लोक मास्तर म्हणतात, तसे ते मास्तर. झिजलेला सोल हातात आला की माणूस न बघता ते सांगत, हा उजव्या गुडघ्याला जपतो, हिच्या हातात कायम ओझं असतं, आणि हा रोज चालतो म्हणून डॉक्टरांना थापा मारतो.

आता एका मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळाने त्यांना बोलावून घेतलं होतं. शाळेचं वर्ष संपेपर्यंत बायको आणि मुलगी मागेच राहणार होत्या. मास्तर पुढे आले होते, घर शोधायला. खरं सांगायचं तर घराचं त्यांना फारसं काही नव्हतं. त्यांना रस्ता शोधायचा होता.

मुंगी नऊ वर्षांची होती. मुंगी हे लाडाचं नाव, पण तेच चिकटलं. तिचा डावा पाय जन्मापासून दीड इंच आखूड. मास्तर स्वतः तिचे बूट बनवत, डाव्याचा सोल जाड करून. तरी चालताना तो पाय बाहेरून वळसा घेऊन पुढे येई आणि बुटाचं बाहेरचं टोक जमिनीला घासे. जुन्या गावात मास्तर तिला शाळेच्या फाटकापर्यंत स्कूटरवर सोडत, आणायला आई जाई. मधल्या सुट्टीत पोरं तिच्यामागे तिच्यासारखी चालत, हे तिने घरी कधीच सांगितलं नाही. बाईंकडून कळलं. पण नव्या शहराची बातमी आली त्या दिवशी जेवताजेवता ती म्हणाली, "तिथे मी शाळेत एकटी जाणार. सोडायला कोणी यायचं नाही. मागून लपूनछपून पण नाही."

आईने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी हातातला घास ताटात परत ठेवला. ते म्हणाले, "कबूल."

तर त्या कबुलीसाठी मास्तर रोज संध्याकाळी काम सुटल्यावर वस्त्या पालथ्या घालत होते. एक वस्ती टेकडीवर, चोपन्न पायऱ्या. एका ठिकाणी सगळं उत्तम, पण फुटपाथवर गाड्या लावलेल्या, म्हणजे पोरीला रस्त्यातूनच जावं लागणार. एक घर बायकोला फोटोत फार आवडलं, पण तिथली फरशी इतकी गुळगुळीत की मास्तरांचाच पाय सटकला. खोलीवर परतलं की ते बूट काढून पलंगावर बसत. समोर एक खुर्ची होती, तिच्यावर बसायला कोणी नव्हतं. या शहरात त्यांना एकही चेहरा ओळखीचा झाला नव्हता. बसथांब्यावरची चार-पाच पावलं मात्र ओळखीची झाली होती. ती दिसली की त्यांना बरं वाटे, आणि असं बरं वाटतं याची लाजही वाटे.

ती गल्ली एजंटच्या यादीत नव्हतीच. एका रविवारी भटकताना ती त्यांना सापडली. दोन्ही बाजूंना बसकी दगडी घरं, मधे झाडं, सपाट दगडी लाद्यांचा रुंद फुटपाथ. एक गाडी नाही, एक खड्डा नाही. टोकाला वळलं की शाळा. मास्तरांनी मुंगीच्या चालीने चालून वेळ मोजली. नऊ मिनिटं. मधे ओलांडायला एकही रस्ता नाही. त्यांना हसूच आलं. कोणीतरी त्यांच्या पोरीचा पाय डोळ्यांसमोर ठेवून ही गल्ली आखली असावी इतकी ती बेतशीर होती.

मधल्या एका घरावर पाटी होती, वरचा मजला भाड्याने देणे आहे.

घरमालक एकटेच राहत, तळमजल्यावर. पूर्वी औषधांचं दुकान होतं त्यांचं. बोलणं हळू, आणि समोरच्याकडे न बघता. "वर जाऊन बघून या," ते म्हणाले. "मी चढत नाही आता."

जिना दगडी होता. अठरा पायऱ्या, सगळ्या बुटक्या. मास्तर सवयीने वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

उतरताना उजव्या हाताला येणाऱ्या भिंतीलगत, प्रत्येक पायरीवर दोन लहान खोलगट जागा होत्या. एक सरळ. दुसरी, डाव्या पायाची, तिरकी, बाहेरच्या कडेला खोल, आणि तिच्यापुढे दगडावर धनुष्यासारखा एक ओरखडा. मास्तरांनी खिशातून टेप काढली. टाचेपासून टोकापर्यंत मोजलं. मग पुन्हा मोजलं. हे माप मोजायची त्यांना गरज नव्हती. महिन्यापूर्वीच त्यांनी याच मापाचा बूट शिवला होता.

आता मास्तर काही सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्यांतले नव्हते. आखूड पायाची पोरं जगात पुष्कळ आहेत. कधीकाळी इथे एखादं राहिलं असेल. पण दगड इतका झिजायला चाळीस वर्षं लागतात, आणि चाळीस वर्षं कुठलंही मूल नऊ वर्षांचं राहत नाही.

दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती जिना अर्धा चढल्यावर. पाय अधू असला की माणूस जिना उतरताना अधू पाय आधी खाली टाकतो. चढताना मात्र चांगला पाय आधी वर जातो, आणि अधू पाय मागून ओढला जातो. ओढताना बुटाचं टोक पायरीच्या उभ्या दगडावर घासतंच. ते टाळता येत नाही. मुंगीच्या जुन्या घरी उभ्या दगडावर त्या खुणांची रांगच होती, बायको दर दिवाळीत घासून थकायची.

इथे उभे दगड स्वच्छ होते. अठराच्या अठरा.

जे कोणी होतं ते फक्त उतरत होतं.

खाली आल्यावर त्यांनी विचारलं, "काका, इथे पूर्वी कोणी लहान मूल राहायचं का? पायाने जरा अधू?"

"नाही."

"आधीच्या भाडेकरूंचं वगैरे?"

"वर मूलबाळ असलेलं कोणी राहिलंच नाही." घरमालकांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला एकच मुलगी ना?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने पुन्हा, "बरं झालं."

बाहेर पडल्यावर मास्तरांनी करू नये ते केलं. मान खाली घालून ते फुटपाथवरच्या लाद्या बघत चालू लागले. ओरखडे तिथेही होते. बाहेरून वळसा घेणारा पाय जिथे टेकतो तिथे खूण खोल उमटते आणि पुढे विरत जाते. त्यामुळे तो कुठे निघालाय ते कळतं. सगळ्या खुणा शाळेकडे निघाल्या होत्या. परतीची एकही नव्हती. गल्लीच्या वळणावर, टपालपेटीपाशी, त्या संपल्या. तिथून शाळेचं फाटक वीस पावलांवर दिसत होतं.

पुढच्या लाद्या नव्या बसवल्या असतील, मास्तर मनाशी म्हणाले. खाली बसून त्यांनी हात फिरवला. त्या मागच्यांइतक्याच जुन्या वाटल्या. पण लाद्यांमधलं आपल्याला काय कळतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि उठले.

त्या दिवशी फोनवर बायको म्हणाली, "अहो, मग अडलंय कुठे? सपाट आहे म्हणता, शाळा जवळ म्हणता, गाड्या नाहीत म्हणता."

"जिना जरा झिजलाय."

"झिजलाय म्हणजे? पडका आहे का?"

"तसं नाही."

"मग कसं?" ती हसली. "तुम्हाला ना, आता पायांशिवाय काही दिसतच नाही. दोन आठवडे एकटे राहिलात की असं होतं. द्या बघू हो म्हणून." मग फोन मुंगीने ओढून घेतला. "बाबा, रस्ता सापडला?"

तिच्या आवाजात इतकी आशा होती की मास्तरांना पुढे बोलवेना. दगड घासलेला आहे म्हणून पोरीचा रस्ता हिरावून घ्यायचा, हे त्यांना कुठल्याच तोंडाने सांगता आलं नसतं. चोपन्न पायऱ्यांची टेकडी डोळ्यांसमोर आली. पुन्हा ती स्कूटर, पुन्हा ते फाटक.

"सापडला," ते म्हणाले.

चावी घ्यायला गेले तेव्हा जिन्याचा कठडा उतरताना उजवीकडे येणाऱ्या भिंतीवर आलेला होता, आणि बराच खाली. पूर्वी तो डावीकडे होता.

"बदलून घेतला," घरमालक म्हणाले. "तिला उजव्या हाताने धरायला बरं."

डाव्या पायाचं आपण यांना सांगितलं होतं का? मास्तरांनी खूप आठवून बघितलं. सांगितलं असेल. अधू मुलाचं विचारलं तेव्हा बोलण्याच्या ओघात निसटलं असेल.

सामान आलं, माणसं आली. रिकामं घर आवाजांनी भरलं आणि मास्तरांना आपलाच वेडेपणा आठवून हसू आलं. शाळेच्या पहिल्या दिवशी मुंगीने दप्तर पाठीला लावलं, आईच्या गालाला गाल लावला आणि बाबांना बजावलं, "खिडकीतून बघितलंत तर चालेल. एवढंच."

ती उतरू लागली. डावा पाय, घसट, उजवा. डावा, घसट, उजवा. अठरा वेळा. मास्तर दारात उभे राहून ऐकत होते. तिचा एकेक पाय त्या खोलगट जागेत बरोबर बसत असणार, हे त्यांना न बघताही कळत होतं.

"अहो, श्वास घ्या," बायको म्हणाली.

खिडकीतून ती वळणापर्यंत दिसली. मान ताठ, हात मोकळे. टपालपेटीपाशी एकदा थांबली, बुटाचा बंद बांधायला थांबावं तशी वाकली, आणि वळली.

दुपारी त्यांनी कार्यशाळेतून तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा बायको म्हणाली, "आली हो बाई, केव्हाच. जेवतेय." मास्तरांचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले ते त्यांनी सोलच्या धुळीवर ढकललं.

असे दोन महिने गेले. मुंगी आनंदात होती. आता तिला पोरं चिडवत नसत, निदान ती तसं सांगे. रोज सकाळी मास्तर तिचं उतरणं ऐकत आणि मग स्वतः कामाला जात. परत येत तेव्हा ती गृहपाठाला बसलेली असे. खाली मान, टेबलाखाली पाय.

एका मंगळवारी कार्यशाळेतलं यंत्र बिघडलं आणि मास्तर दुपारीच घरी आले. मुंगी यायची होती. बायको खिडकीपाशी बसून फ्रॉकची शिवण उसवत होती. मास्तरांनी बूट काढले आणि पाणी प्यायले. या घरातली दुपार त्यांनी कधी बघितलीच नव्हती. फार शांत होती.

खालचं दार वाजलं.

कोणीतरी जिना चढू लागलं. एक पायरी, एक पाऊल. दुसरी पायरी, दुसरं पाऊल. हलकी, भरभर, सारखी पडणारी पावलं. कुठे घसट नाही, कुठे थांबणं नाही.

शेजारची एखादी मुलगी असेल, मास्तरांना वाटलं. मग आठवलं, शेजारी मुलं नाहीत.

"कोण आलं गं?"

"कोण येणार?" बायको शिवणीतून मान वर न करता म्हणाली. "मुंगी. रोज याच वेळेला येते."

नऊ वर्षं मास्तरांनी त्या पावलांसाठी देवाकडे हात जोडले होते. अगदी अशाच पावलांसाठी. ती आता जिना चढून येत होती, आणि त्यांना उठून दार लावून घ्यावंसं वाटत होतं.

सोळा. सतरा. अठरा.

दार ढकलून ती आत आली. दप्तर, वेण्या, घामेजलं कपाळ, त्यांनीच शिवलेले बूट. दोन्ही पायांवर ती सरळ उभी होती.

मग तिला बाबा दिसले.

"तुम्ही आज घरी?" ती म्हणाली. आणि त्यांच्याकडे बघत बघत तिने डावा पाय हळूच तिरका केला.