पूर्वमात्रा शून्य

माणसाने आधी काय खायचे ते ठरवावे आणि मग इन्सुलिनने त्याच्या मागून धापा टाकत यावे, ही जुनी रीत मोडली त्याला आता नऊ वर्षे झाली होती. रीत मुळातच खुळी होती. तोंडातला पेढा दहा मिनिटांत रक्तात उतरू लागतो. त्वचेखाली टोचलेले इन्सुलिन कामाला लागायला वीस मिनिटे घेते. शर्यत सुरू होण्यापूर्वीच हरलेली. ज्यांचे स्वादुपिंड इन्सुलिन बनवतच नाही, त्यांनी या दहा मिनिटांचे भोग पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनी आणि मूत्रपिंडांनी भोगले. शेवटी पंपालाच भविष्य शिकवण्यात आले. दंडावरचा संवेदक दर मिनिटाला साखर मोजत होताच. जोडीला नाडी, त्वचेचा ओलावा, आवाज, वेळ आणि ठिकाण हेही पंपाला कळू लागले. त्यावरून वीस मिनिटांनी माणूस काय खाणार हे तो ताडतो आणि इन्सुलिन आधीच सोडतो. या आगाऊ डोसाला पूर्वमात्रा म्हणतात.

कुडाळच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या सुनीती गवाणकरला वयाच्या अकराव्या वर्षापासून मधुमेह होता, आणि तिचा पंप तिला तिच्या आईपेक्षा चांगला ओळखत होता. पंगतीत आग्रह झाला की ती तीनदा ‘नको’ म्हणे आणि चौथ्यांदा ताट पुढे करी. तिच्या त्या तीन नकारांना पंपाने कधीच भाव दिला नव्हता. पहिल्या ‘नको’आधीच दुसऱ्या पुरणपोळीचे इन्सुलिन अंगात गेलेले असे.

तिच्या साखरपुड्याच्या दिवशी सभागृहाच्या आतल्या खोलीत तिची होणारी सासू, माई प्रभुदेसाई, तिचा पदर सारखा करत होती.

“हा जरा त्या डबीवर ओढून घे गं. फोटोत दिसेल.”

“ती डबी म्हणजे माझं स्वादुपिंड आहे, माई.”

“असेल. पण बाकीच्यांचं आत असतं.”

सुनीतीला हसू आले, आणि ते आल्याचा संतापही. माईंनी नातलगांना ते पावले मोजायचे यंत्र असल्याचे सांगून ठेवले होते. प्रगत समाजाची हीच खूण: रोगावर उपाय सापडला की तो रोगाहूनही काळजीपूर्वक लपवला जातो.

“निनाद, तू काही बोलणार आहेस?” तिने दारात उभ्या असलेल्या नवऱ्या मुलाला विचारले.

“वर्षभराचा तर प्रश्न आहे. मग सांगू ना सगळ्यांना, हळूहळू.” निनाद वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त कोणाचेच मन मोडवत नसे, आणि अशा माणसाला शेवटी एकच मन मोडावे लागते, जवळचे.

बाहेर ओटी भरली जाईल, साखरेची पुडी हातात येईल, मग माई पेढा भरवतील. पेढा तोंडात पडला की शब्द पक्का. त्याला वीस मिनिटे उरली होती. नाही म्हणायचे तर आत्ताच. सुनीती महिनाभर स्वतःला विचारत होती आणि महिनाभर तिला उत्तर मिळाले नव्हते. तिने सवयीने मनगटावरच्या पडद्याकडे पाहिले.

पुढील वीस मिनिटे. पूर्वमात्रा शून्य.

तिने पुन्हा पाहिले. पंप लावल्यापासूनच्या चार वर्षांत हे यंत्र तिचा एक घास चुकले नव्हते. म्हणजे ती पेढा खाणार नव्हती. म्हणजे तिचे ठरले होते, आणि तिला कळवायचे तेवढे राहिले होते.

“माई,” ती म्हणाली, “मला हे लग्न करायचं नाही.”

“अगं, भटजी आलेत!”

“त्यांना जेवूनच जाऊ द्या.”

गहजब व्हायचा तेवढा झाला. घरी परतताना मात्र आईने गाडीची काच खाली केली, आणि मोठा श्वास सोडून म्हणाली, “सुटलो बाई. मला पहिल्या दिवसापासून ती माणसं पसंत नव्हती. पण तूच गप्प, मी काय बोलू?” सुनीती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आले.

चौथ्या दिवशी ती रत्नागिरीला डॉ. रेहाना मुकादम यांच्याकडे गेली. पंपाला भाकीत शिकवणाऱ्या चमूत या डॉक्टर होत्या. सुनीतीला आभार मानायचे होते.

“डॉक्टर, तुमच्या पंपाने मला वाचवलं. माझ्या मनातलं मलाच सांगितलं.”

रेहानांनी त्या दिवसाची नोंद उघडली आणि शेवटपर्यंत वाचली.

“मनातलं नाही सांगितलं, बेटा. तू आकडा पाहून वागतेस, हे पंपाला केव्हाच कळलंय. ती सवयही तो हिशेबात धरतो. त्या दिवशी त्याच्यापुढे दोन भाकितं होती, आणि दोन्ही खरी ठरली असती.”

“दोन्ही कशी?”

“शून्य दाखवलं, तू उठलीस. समज, पूर्वमात्रा सोडली असती. मग साखर उतरली असती, हात थरथरले असते, घाम फुटला असता, आणि समोर कोण? माई, पेढा घेऊन.”

“मी खाल्ला असता.”

“खाल्ला असतास. आणि म्हणाली असतीस, माझ्या मनातलं मलाच कळलं.”

“मग त्याने शून्यच का निवडलं?”

“पंपाला लग्न कळत नाही. पेढा कळतो. न खाल्ल्यास साखरेचा आलेख अधिक सपाट राहणार होता, इतकंच.” मग रेहाना किंचित हसल्या. “देवळातल्या कौलावर पाचशे पानांचा प्रबंध लिहिलास ना तू? फूल उजवीकडे पडलं की होकार, डावीकडे पडलं की नकार, आणि त्यावर विसंबणारे लोक खुळे, असं?”

“तिथे गुरव निदान समोर बसलेला असतो, डॉक्टर.”

“आकडा तुझ्यापासून लपवता येतो. पंप काम करत राहील, तुला दिसणार नाही. पण ते कोणी मागत नाही. अकरा लाख लोक वापरतात. लोकांची घालमेल कमी झालीय, झोप सुधारलीय.” त्यांनी नोंद बंद केली. “पण तुला राग यायला हवा, सुनीती. आला का?”

सुनीतीने प्रामाणिकपणे विचार केला. छातीवरचा एक महिन्याचा धोंडा उतरला होता. निनाद नव्हता, पदर नव्हता, श्वास मोकळा होता. राग आला असता तर साखर चढली असती.

तिने मनगटाकडे पाहिले. एकशे चार. रेषा सरळ होती.

“नाही,” ती हायसे वाटून म्हणाली, “नाही आला.”